काडीदगडाचं शून्य

पैज लागली ती अर्ध्या मिशीवर. लागली ती भर दुपारी, पाण्याच्या टाकीखाली, जिथे लोहारटेक कॉलनीतली रिकामी माणसं सावली सरकेल तशी सरकत बसायची.

मिश्या दोनच होत्या बघण्यासारख्या. एक दिगांबर मोहुर्लेची, टोकं वर वळवलेली. दिगांबर खाणीत डंपर चालवायचा. पुढे डंपर स्वतःच चालायला लागले आणि दिगांबर नुसता बसायला लागला. दुसरी मिशी खुशाल निमगडेची, खाली लोंबणारी, दगडाची पूड बसून बसून तपकिरी झालेली. छप्पन्न वर्षांचा हा गडी कॉलनीतला पक्का उपद्व्यापी. कुणाच्या सायकलची सीट उलटी बसवेल, कुणाची कोंबडी निळीने रंगवेल, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच विचारेल, "अरे, हे कोणी केलं बे?"

विषय निघाला श्वासपाटीचा. त्रेचाळीस साल उजाडेपर्यंत या पाट्या सगळीकडे लागल्या होत्या. तळहाताएवढी तपकिरी चकती, काचेखाली. समाजमंदिरावर, बसथांब्यावर, ऑफिसात, आणि होळीपासून, नुसत्या मोजणीपुरत्या, प्रत्येक क्वार्टरच्या दारावर. आत किती माणसं श्वास घेतात ते पाटी मोजायची आणि बाहेरच्या फलकावर आकडा लावायची. आकड्याप्रमाणे दिवे लागायचे, पंखे फिरायचे, बस थांबायची.

"त्या पाटीले कोणी फसवू शकत नाही," दिगांबर म्हणाला. "बकरी बांधून पाह्यली लोकायनं. पाटीनं बकरी वेगळी काढली."

"मी फसवतो," खुशाल म्हणाला.

"तू?"

"समाजमंदिरात जाऊन बसतो. बाहेर आकडा शून्य राह्यला पाहिजे ना? राहीन."

"राह्यला तं माही अर्धी मिशी. चारचौघांत."

"आन नाही राह्यला तं माही."

खुशालचा डाव साधा होता. ओला गमछा तोंडावर घट्ट बांधायचा आणि कोपऱ्यात बसून हळू हळू श्वास घ्यायचा. तो ऐटीत आत गेला, दिगांबरने बाहेरून कडी लावली. आत गेल्यावर खुशालच्या लक्षात आलं की गमछा टाकीच्या कट्ट्यावरच राहिला. आता काय, गेली मिशी. मग तो पाय पसरून मधोमध बसला आणि जाणारच आहे तर मजेत जाऊ द्या म्हणून मोठ्याने गाणं म्हणायला लागला.

पंधरा मिनिटांनी कडी निघाली. दारात दिगांबर उभा, हातात ओला गमछा, चेहरा पडलेला. फलकावर शून्य होतं.

खुशाल क्षणभर चाट पडला. पण चाट पडलेलं दाखवेल तर तो खुशाल कसला. "विद्या आहे," तो म्हणाला. "सांगून येत नाही."

"हे एका दिवसाचं काही खरं नाही," दिगांबर मिशीवर हात ठेवून म्हणाला. "पोळ्यापर्यंत. कोणत्याही पाटीनं तुले एकदा मोजलं का तुही मिशी. नाही मोजलं तं तोरणाखाली माही."

"पोळ्यापर्यंत," खुशाल म्हणाला आणि हात पुढे केला.

पहिले पंधरा दिवस त्याने धमाल केली. पाटीला न दिसणारा माणूस म्हणजे उपद्व्यापी माणसाला लागलेली लॉटरीच. तो शेजारच्या दिगांबरच्या घरात घुसून माळ्यावर बसला. दाराच्या फलकावर दोन, म्हणजे दिगांबर आणि त्याची बायको इंदू. आणि माळ्यावरून मात्र तिसरंच कोणी खोकतंय. दिगांबर हातात झाडू घेऊन तासभर घर धुंडाळत होता. इंदूवहिनी कणीक मळता मळता शांतपणे म्हणाली, "भाऊजी, खाली या. चहा ठेवते." खुशाल खाली आला, हसून हसून लाल झाला, पण चहाला थांबला नाही. कामाचं निमित्त सांगून घरी गेला.

हे असंच होतं तीन वर्षं. गंमत करायला खुशाल सगळ्यांच्या दारात, पण घास खायला कुणाच्याच नाही. वनिता, त्याची बायको, चार दिवसांच्या तापाने गेली तेव्हा कॉलनीने महिनाभर त्याला जेवायला बोलावलं. त्याने प्रत्येक वेळी काहीतरी विनोद करून टाळलं. विनोद इतके चांगले होते की लोक हसले, आणि मग बोलवायचे राहिले. पोरबाळ नव्हतं. सी-१९ मध्ये तो आणि ॲल्युमिनियमचं एक पातेलं.

त्या पातेल्यात तो रोज संध्याकाळी लाखोळीच्या डाळीचं वरण करायचा. वनिता करायची तसंच. डाळ तिच्या वाटीने दोन वाट्या, म्हणजे दोघांची. लसणाच्या अकरा पाकळ्या, ठेचलेल्या, करपायच्या एक श्वास आधी तेलातून काढायच्या. "एक श्वास आधी" हे तिचं माप. अर्धं वरण रात्री भाताशी, अर्धं सकाळी भाकरीशी. भाजी नाही, सणाला पुरणपोळी नाही, काही नाही.

बसने मात्र त्याची हौस फेडली. आजवर तो चारचौघांसोबतच बस पकडायचा, आता एकटा जाऊन उभा राहिला. बिनड्रायव्हरची बस थांब्याच्या पाटीला विचारायची, कोणी आहे का? पाटी सांगायची, नाही. खुशाल हात हलवत उभा, आणि बस समोरून मऊ आवाज करत निघून जायची. पहिल्यांदा त्याने तिला सलाम ठोकला. दुसऱ्यांदा मागे धावला. तिसऱ्यांदा थांब्यावरच बसून राहिला. उन्हात तिथला पंखाही बंद होता, कारण पंखा माणूस असेल तरच फिरतो.

दवाखान्याच्या खोलीत बसला तर दिवा विझला. सार्वजनिक नळाला तोंड लावलं तर पाणी आलं नाही. त्याला शेजारी कोणीतरी लागायचं. कोणी आलं की दिवा लागायचा, पाणी यायचं, आणि ते माणूस गेलं की पुन्हा अंधार. "माणूस सोबत घेऊन फिरावं लागते, छत्रीसारखं," तो टाकीखाली सांगायचा. सगळे हसायचे. घरी जाताना गल्लीतले दिवे दिगांबरच्या दारापर्यंत लागायचे, दिगांबर आत गेला की पुढच्या दहा पावलांना नाही.

जूनमध्ये नोटीस आली. 'क्वार्टर क्र. सी-१९. सलग नव्वद दिवस वस्ती शून्य. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वीज तोडून सील करण्यात येईल व खाणीच्या विस्तारासाठी पाडण्यात येईल.'

खुशाल नोटीस घेऊन इस्टेट ऑफिसात गेला. काउंटरवर चांदेकर नावाचा सभ्य माणूस होता. त्याच्या डोक्यावरच्या फलकावर लिहिलं होतं, 'प्रतीक्षेत: ०'.

"साहेब, मी सी-१९ मध्ये राहतो."

"मला दिसतंय ना निमगडेभाऊ. तीस वर्षं बघतोय तुम्हाला."

"मंग?"

"मला दिसून काय होतं? पाटीला दिसलं पाहिजे."

"पाटी बदलून द्या."

"देतो. अर्ज लागेल."

"लिहितो."

"अर्ज राहणाऱ्यानं करायचा असतो," चांदेकर खाली बघत म्हणाला. "सी-१९ मध्ये राहणारं कोणी नाही ना. अर्ज चढतच नाही सिस्टीमवर. मी करून पाहिलं, खरं सांगतो."

खुशालने विनोद शोधला. सापडला नाही. तो घरी आला आणि दारावरच्या पाटीसमोर उभा राहिला. एवढा जवळ, की काचेवर वाफ धरली. फलकावर शून्य. त्याने शिवी दिली. शून्य. "वनिता," तो म्हणाला, उगाच. शून्य.

*

आता पाटीतली ती चकती ज्याची, तो काडीदगड म्हणजे काय, ते सांगून टाकू, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल.

लोखंडाच्या खाणीत काळ्या-तांबड्या दगडाच्या पट्ट्यांत कुठे कुठे एक तपकिरी, चमकदार थर लागतो, काड्यांची पेंढी बांधल्यासारखा. पुस्तकातलं नाव ग्रुनेराइट. अँफिबोल घराण्यातला, आणि लोखंडाने ठासलेला. फारसा सापडत नाही, आणि सापडला की पूर्वी शिव्या खायचा, कारण त्याच्या बारीक काड्या छातीत गेल्या की निघत नाहीत. लोहारटेकचे कामगार त्याला काडीदगड म्हणायचे आणि तोंडाला फडकं बांधून बाजूला फेकायचे.

त्याची आतली रचना शिडीसारखी. सिलिकाच्या जोडसाखळ्या, त्यांच्यामध्ये लोखंडाचे अणू, आणि लोखंडाला खेटून ऑक्सिजनच्या काखेत बसलेला हायड्रोजन. दगड भट्टीत तापवला की हायड्रोजन पळतो, आणि पळताना लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन घेऊन जातो. असा भाजलेला दगड तहानलेला असतो. वर प्लॅटिनमचा बारीक शिडकावा केला की साध्या हवेतही तो हायड्रोजन ओढून घेतो. ओढला की इलेक्ट्रॉन लोखंडावरून लोखंडावर उड्या मारतात, आणि दगडातून वाहणारी वीज बदलते. ती मोजता येते.

आणि हायड्रोजन असतो आपल्या श्वासात. आतड्यातले जंतू डाळी-कडधान्यं आंबवतात, त्यातून तो निघतो, रक्तातून फुफ्फुसात येतो आणि बाहेर पडतो. दहा लाख भागांत पाच, दहा, फार तर पन्नास. पण किती, कधी चढतो, कसा उतरतो, हे ज्याच्या त्याच्या पोटावर आणि ताटावर. अंगठ्यासारखाच ठसा. पाटी असे ठसे मोजते: चार वेगळे ठसे, म्हणजे चार माणसं.

मोजायला शून्य लागतं. म्हणून प्रत्येक पाटीत चकतीचे दोन अर्धे भाग. एक उघडा. दुसरा काचेखाली कायमचा बंद, त्यात कारखान्यात ठरावीक हवा भरून सील करायची. बंद अर्ध्यात जे आहे, ते 'काहीच नाही' असं पाटी धरून चालते. उघड्या बाजूला तसंच काही आलं, की ते वजा.

फजिती या बंद अर्ध्यात होती.

*

जुलैत पल्लवी कोवे आली. ती पाटी-कारखान्यात तपासणीवर होती, टेकडीपलीकडच्या गावची. समाजमंदिराच्या फलकाची तक्रार दिगांबरनेच केली होती, मिशी वाचवायला. तिने सी-१९ च्या दारावर यंत्र लावलं, खुशालला फुंकायला सांगितलं, आणि यंत्राकडे बराच वेळ बघत राहिली.

"काका, तुम्ही आधी काय काम करायचे?"

"कोअर शेडमध्ये. जमिनीतून ड्रिल करून जे दगडाचे दांडके निघतात ना, ते पेटीत लावायचे. कोणता किती खोलीवरचा. वीस वर्षं. मंग तुमच्या कारखान्यात."

"दगड ओळखायचा कसा?"

"हाऽ करून." त्याने तळहात तोंडाजवळ धरून दाखवलं. "वाफ धरली का कणी दिसते. वास येते. आमच्या शेडमधला कोणीबी असाच पाह्यते."

"आणि कारखान्यात?"

खुशालला मिशीतल्या मिशीत हसू आलं आणि तिथेच गोठलं.

"सिलिंडर येत नव्हते," तो म्हणाला. "पूल वाहून गेल्ता. ठरावीक हवेचे सिलिंडर पलीकडे, आन इकडं मोठा साहेब म्हणे माल पाहिजे. मी म्हटलं, चष्मा पुसायले सिलिंडर लागते का? एक पाटी घेतली, हाऽ केलं, काच बसवली. तपासणीत पास. मंग दुसरी. मंग पूल झाला, सिलिंडर आले, तरी माहं आपलं चालूच. सायबाले माहीत नाही. आम्ही हसून हसून मरत होतो."

"किती पाट्या?"

"चौदा महिने केलं. अकरा हजार असतीन."

पल्लवी ओट्यावर बसली. "तो पहिला लॉट. या तालुक्यात सगळीकडे तोच लागलाय. काका, अकरा हजार पाट्यांचं शून्य म्हणजे तुम्ही आहात."

खुशालने दाराकडे पाहिलं. आयुष्यात एवढी मोठी खोडी त्याने केली नव्हती, आणि ती केली होती स्वतःवरच.

"बदलता येईल?"

"पुन्हा भट्टीत घालावं लागेल सगळं. कंपनी आधी मान्यच करणार नाही. मी लिहीन वर. पण पोळ्याच्या आत काही व्हायचं नाही." तिने यंत्र पुन्हा पाहिलं. "मला एक कळत नाही. चार-पाच वर्षांपूर्वीचा श्वास आणि आजचा श्वास एवढा सारखा नसतो. माणसाचं खाणं बदलतं, मग आतले जंतू बदलतात. तुमचा ठसा एका रेषेनंही हललेला नाही. तुम्ही जेवता काय?"

"लाखोळीचं वरण."

"आणि?"

"आन काय?"

"रोज?"

आतून लसणाचा वास येत होता. पल्लवीने त्या दिशेला पाहिलं आणि आवाज जरा उतरवला. "मग उपाय आहे. जेवण बदला. वरण पूर्ण बंद. वेगवेगळ्या घरचं, वेगवेगळ्या हातचं खा. दीड महिन्यात ठसा हलेल. पोळ्याला दीड महिनाच आहे, पण होईल बहुतेक."

"बहुतेक."

"हो."

ती गेल्यावर खुशाल स्वयंपाकघरात पाटावर बसला. पाट्यांवर श्वास टाकायचा त्या दिवसांत वनिता होती. डबा तीच द्यायची. म्हणजे अकरा हजार काचांखाली जे कोंडलं होतं, ते नुसता खुशाल नव्हता. तिचं वरण होतं. सगळ्या तालुक्यातली मोजणी वनिताच्या वरणापासून सुरू होत होती.

त्याला हसू आलं.  समोर भिंतीवर फोडणीच्या धुराचा काळा डाग होता, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर. वरण ठेवावं तर ही भिंत जाते. भिंत ठेवावी तर वरण.

त्या संध्याकाळी त्याने दोन वाट्या डाळ काढली. पाण्यात घातली. मग पाणी काढून टाकलं आणि डाळ तव्यावर कोरडी करून डब्यात परत भरली. तो उपाशीच बसला होता तेव्हा भिंतीपलीकडून दिगांबर ओरडला, "अबे ये खुशाल्या, जेवाले ये."

"काहून?"

"त्या पोरीनं सांगितलं मले. तू दुसऱ्याचं खाल्लं का पाटीले दिसते म्हणे. मले जिंकाचं आहे बाप्पा. मुकाट्यानं खा."

असं ते सुरू झालं. दिगांबर रोज त्याला बळजबरीने जेवायला न्यायचा, आणि खुशाल रोज कुरकुरत जायचा. इंदूवहिनीने घरांची पाळी लावली. सोमवारी मडावींकडे अंबाडीची भाजी, मंगळवारी चांदेकरकडे, तोही बिचारा काउंटरवरच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून. कुणाकडे वांगं, कुणाकडे पातोडी, कुणाकडे नुसती कढी. प्रत्येक ताटावर दिगांबर समोर बसून राखण करायचा.

"अजून एक भाकर वाढा त्याले. मिशी पाह्यजे मले त्याची."

"तुही मिशी वाचवाले माहं पोट फोडतं का बे?"

"फुटू दे. फुटलं का मोजता येईन."

खुशाल हसायचा, खायचा, घरी यायचा. घरी काही शिजत नसे. रिकामं पातेलं पालथं. तीन वर्षांत त्याला एवढं भरल्यापोटी एकटं वाटलं नव्हतं. वरण होतं तोवर संध्याकाळी साडेसहाला करायचं काहीतरी असायचं. आता साडेसहा वाजायचे आणि नुसते वाजत राहायचे.

पंधरा दिवस झाले. शून्य. महिना झाला. पल्लवी यंत्र घेऊन आली, म्हणाली ठसा हलतोय, पण पाटीला वेगळा वाटेल एवढा नाही. शून्य.

अडतिसाव्या दिवशी वनिताची तिथी होती. मडावींकडची पाळी होती. खुशाल निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत फिरला. दार लावलं. दोन वाट्या डाळ, अकरा पाकळ्या. तेलात लसूण तांबूस होत आला तसा तो वाकला, आणि एक श्वास आधी काढला.

भिंतीपलीकडे वास जाणारच होता. थोड्या वेळाने दार वाजलं. दिगांबर. खुशाल त्याच्याकडे न बघता म्हणाला, "हरला बे तू. म्हणजे मी जिंकलो. तुही मिशी गेली."

दिगांबर आत आला. पातेल्यात डोकावला. "अडतीस दिवस चारलं लोकायनं तुले," तो म्हणाला. आवाजात राग होता, आणि तो खरा होता. "मडावीनची बाई थांबली आहे ताट घेऊन. घर जाईन तुहं. दिसते का तुले काही?"

"आज तिथी आहे."

दिगांबरने फळीवरून दोन ताटल्या काढल्या. त्यातली एक तीन वर्षं कुणी वापरली नव्हती. त्याने ती पुसली आणि स्वतःसमोर ठेवली.

"वाढ," तो म्हणाला. "अर्धं मी खातो. तेवढंच तुह्या पोटात कमी जाईन."

दोघं जेवले. दिगांबरने दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं, पातेलं बोटाने पुसलं. सकाळसाठी काही उरलं नाही. उठताना म्हणाला, "लसूण चांगला जमला."

"एक श्वास आधी काढावा लागते."

"सांगतो इंदूले."

*

लोहारटेकला बैल नाहीत. पोळ्याला तोरणाखाली डंपर येतात, बिनड्रायव्हरचे, पिवळे, दोन मजली. दिगांबर आणि त्याच्यासारखे जुने ड्रायव्हर सकाळपासून त्यांना धुतात, पुढच्या जाळीला बेगड लावतात, आरशांना शिंगांसारखे गोंडे बांधतात. पूजा होते, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात. डंपरला काही कळत नाही, पण बैलाला तरी काय कळायचं.

त्या दिवशी दुपारी आभाळ आलं म्हणून सगळा कार्यक्रम समाजमंदिरात शिरला. चांदेकरही आला, हातात सीलची पिशवी. उद्या सकाळी आठला यायचं होतं त्याला. पिशवी तो पाठीमागे लपवत होता. दिगांबर खुर्ची, साबण, वस्तरा आणि हातभर आरसा घेऊन आला. हे सगळं त्याने स्वतःच्या मिशीसाठी आणलं होतं. त्याचा चेहरा तसंच सांगत होता.

"चला," तो म्हणाला. "शेवटचं पाहून घेऊ."

फलक दारावर होता, आतूनही दिसणारा. त्यावर त्रेसष्ट.

"डोके मोजा," पल्लवी म्हणाली.

इंदूवहिनीने मोजायला सुरुवात केली, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून. कुणी हललं की ओरडायची. बासष्टपर्यंत आली तेव्हा खोलीत बोलणं थांबलं होतं. मग तिने खुर्चीशेजारी उभ्या खुशालच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्रेसष्ट."

"स्वतःले धरलं का?" दिगांबरने विचारलं.

"पहिले स्वतःलेच धरलं."

"पुन्हा मोज," खुशाल म्हणाला.

पुन्हा मोजलं. त्रेसष्ट. दिगांबर ओरडला नाही, नाचलाही नाही. मिशीवरचा हात काढला आणि खुर्ची खुशालकडे सरकवली. चांदेकरने पिशवी उघडली, सी-१९ ची नोटीस काढली, फलकाचा आकडा तिच्या मागे लिहिला, "आता अर्ज चढेल," म्हणाला आणि घडी करून खिशात घातली.

मडावी म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला, "एक गोष्ट सांगू का? मी गेल्या वर्षी लग्नात मोजले होते डोके. फलक एकानं कमी दाखवत होता. नामकरणातबी एकानं कमी. मले वाटलं, मशीनची सवय असन."

 वर्षभर, प्रत्येक लग्नात, प्रत्येक सभेत, फलक एकाने कमी होता. सगळ्यांत जास्त हसणारा माणूस त्या आकड्यात नव्हता, आणि कुणाला चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. इंदूवहिनीने मान वळवली.

 खुशाल धपकन खुर्चीत बसला आणि हनुवटी वर केली. "काप बे. का मुहूर्त काढतं?"

"कोणती बाजू?"

"डावी. उजवीकडून मी फोटोत चांगला दिसतो."

लोक हसायला लागले. दिगांबरने फेस लावला. आभाळ वाजलं, बाहेर डंपरच्या गोंड्यांवर पाऊस पडायला लागला, आणि त्रेसष्ट माणसं खुर्चीभोवती दाटली. कुणी शिट्टी मारली. आरसा खुशालच्या हातात होता, आणि तो धुरकट होता. त्याने सवयीने तोंडाजवळ नेला आणि हाऽ केलं.

वाफ धरली. त्यात आता काय होतं कोण जाणे: मडावींची अंबाडी, चांदेकरकडचं वांगं, इंदूवहिनीची कढी, सगळ्या गल्लीचं मीठ. वनिताचा लसूण नव्हता. अकरा हजार दारांवर, काचेखाली, तो लसूण तसाच होता, आणि तिथे तिच्यासोबत जो खुशाल होता तो तिथेच राहिला होता. हा दुसरा. याला उद्यापासून बस थांबणार होती.

आरशातली वाफ कडेकडेने आटत आली, आणि मधोमध पांढऱ्या फेसातला चेहरा दिसायला लागला.

"हलू नको बे," दिगांबरने त्याची हनुवटी घट्ट धरली. "रडशीन तं वस्तरा लागन."

"साबण गेला डोळ्यात," खुशाल म्हणाला. "तुले साबणबी लावता येत नाही."

"हाव," दिगांबर म्हणाला, आणि पहिला हात फिरवला.